आपल्या माणसाचे स्मारक : शिळा, समाधी की स्मृतिभिंत? बौद्ध कुटुंबांसाठी माहिती

केशोरी परिसरात (ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया) धानाचे चुकारे आले, मिरचीचे पैसे हाती पडले की राहून गेलेली कामे निघतात. त्यात घरातल्या गेलेल्या माणसाची समाधी बांधणे हे एक काम असते. गेल्या काही वर्षांत हे काम वाढले आहे. वाढले त्यात वाईट काही नाही. ज्या समाजाच्या मागच्या कित्येक पिढ्या गावकुसाबाहेरच्या जागेत, बिनानावाच्या मातीत गेल्या, त्या समाजाला आपल्या आईबापाचे नाव दगडावर वाचावेसे वाटणे स्वाभाविक आहे. भीमा कोरेगावच्या जयस्तंभावर शेवटी ‘नाक’ असलेली बावीस नावे कोरलेली आहेत. दगडावर कोरलेल्या नावाची किंमत आपल्याला कुणी वेगळी सांगायला नको.

अडचण निर्णयाच्या पद्धतीत आहे. समाजकार्याच्या निमित्ताने एका कुटुंबाकडे माझे जाणे होते. वडील वारले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी समाधी झालीच पाहिजे, असे नातेवाइकांनी ठरवले. बचत गटातून कर्ज काढून काळा दगड, चार खांब, वर छत्री, भोवती स्टीलचे कठडे असे सगळे आठवड्यात उभे राहिले. पहिल्याच पावसाळ्यात खालची माती बसली आणि ओटा मधोमध तडकला. दगडावर ‘स्वर्गीय’ असे लिहिलेले होते. खाली तीन मुलांची नावे होती. शेवटची सहा वर्षे ज्या मुलीने वडिलांचे सगळे केले, तिचे नाव नव्हते. यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. विचारायला वेळच कुणाला मिळाला नव्हता.

विहारात, युवक मंडळात काम करणाऱ्यांकडे अशा वेळी लोक येतात आणि ‘काय करावे?’ असे विचारतात. त्यांच्या उपयोगासाठी ही माहिती.

धम्मात स्मारकाचे स्थान

आपल्याकडे दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणते, सर्व अनित्य आहे, दगड कशाला? दुसरे म्हणते, आपण स्तूप बांधणाऱ्यांचे वारस, मग मोठेच बांधू. दोन्ही मते पाली साहित्याला पूर्ण धरून नाहीत.

महापरिनिब्बान सुत्तात भगवान बुद्धांच्या अस्थींचे आठ भाग झाल्याची हकीकत आहे. अस्थी मोजण्याचे भांडे द्रोण ब्राह्मणाने ठेवून घेतले, उशिरा पोहोचलेल्या पिप्फलिवनाच्या मोरियांना चितेचे निखारे मिळाले आणि असे एकूण दहा स्तूप झाले. त्याच सुत्तात कोणाचा स्तूप करावा हेही सांगितले आहे : सम्यक संबुद्ध, प्रत्येकबुद्ध, तथागतांचा श्रावक आणि चक्रवर्ती राजा. कारणही दिलेले आहे. तो पाहून माणसांचे चित्त प्रसन्न होते. म्हणजे स्मारक जिवंत माणसांसाठी आहे. मृताला त्यातून काही पोहोचते, असा दावा तिथे नाही. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारते. स्मारकाला नकार तिच्यात नाही. पण समाधीवर ताट ठेवणे, कावळ्याची वाट पाहणे, अमावास्येला नारळ फोडणे सुरू झाले की ती प्रतिज्ञा मोडली. दगड तोच असतो, त्याच्यापुढे आपण काय करतो त्यावर सगळे अवलंबून असते.

महाराष्ट्रातल्या लेण्यांत याचे फार चांगले नमुने आहेत. भाजे येथे चौदा लहान स्तूपांचा समूह आहे. पाच आत, नऊ बाहेर. काहींवर थेरांची नावे आहेत : अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. कान्हेरीत तर स्मृतिस्तूपांसाठी एक अख्खी गॅलरी राखून ठेवलेली होती. बेडसे येथे एका छोट्या स्तूपाजवळ लेख आहे. त्याचा आशय असा की गोभूती नावाचे थेर अरण्यात राहणारे, भिक्षेवर जगणारे होते, मारकुड येथे त्यांचा वास होता आणि त्यांच्या शिष्याने, आसाळमित्राने, हा स्तूप करवला. एवढेच. नाव, राहणी, ठिकाण आणि करवणाऱ्याचे नाव. दोन हजार वर्षे होत आली तरी तो माणूस कसा जगला ते कळते. आजच्या अनेक समाध्यांवर मोठा फोटो, दोन तारखा आणि दहा वारसदार असतात, पण माणूस कसा जगला याचा पत्ता नसतो.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर भंडारा जिल्ह्यातील पवनी. तिथे १९६९-७० मध्ये जगन्नाथ टेकडीच्या उत्खननात स्तूप सापडला आणि त्याच्या दगडांवर दान देणाऱ्यांची नावे मिळाली. मंडळाच्या सहलीसाठी पवनी जरूर निवडावी. तीन-चार तासांत शाळेतल्या इतिहासापेक्षा जास्त शिकून येता येते.

घाई करू नये

बाबासाहेबांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथल्या स्तूपाचे, आजच्या चैत्यभूमीचे, उद्घाटन मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते ५ डिसेंबर १९७१ रोजी झाले. मध्ये पंधरा वर्षे गेली. त्या काळात लोकांचे येणे थांबले नव्हते. म्हणून ‘कार्यक्रमाआधी समाधी झाली नाही तर लोक काय म्हणतील’ असे कुणी म्हटले की ही तारीख सांगावी.

दफन झाले असेल तर थांबण्याला तांत्रिक कारणही आहे. उकरून भरलेली माती बसत राहते. आपल्या भागातला पाऊस पाहता निदान एक पूर्ण पावसाळा, शक्यतो एक वर्ष जाऊ द्यावे. तोपर्यंत नावाची साधी लाकडी किंवा पत्र्याची पाटी पुरते. दहन झाले असेल तर माती खचण्याचा प्रश्न नाही, पण घरातल्यांच्या मनाचा आहेच. पहिल्या महिन्यात ठरवलेला मजकूर वर्षाने वाचताना बहुतेकांना बदलावासा वाटतो. पहिला स्मृतिदिन हा शिळा बसवायला योग्य दिवस. तोवर एखाद्या हंगामाचा पैसाही हाती येतो आणि कर्ज काढावे लागत नाही.

जागा कोणाची?

दगडाच्या दुकानात जाण्याआधी जागेची चौकशी करावी. गावाच्या स्मशानभूमीची व्यवस्था ग्रामपंचायतीकडे असते. तिथे पक्के बांधकाम करायचे तर ग्रामपंचायतीला अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर घ्यावे. आपल्या भागात पुष्कळदा ‘आपली मसनवट’ म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेली जागा कागदावर वनविभागाची निघते. तसे असेल तर तिथे सिमेंटचे काम करू नये. समाधीपेक्षा मोठे काम आधी करावे लागेल : जागेची नोंद. ग्रामसभेत स्मशानभूमीचा ठराव आणि राज्य शासनाच्या जनसुविधा अनुदानातून रस्ता, शेड, पाण्याची मागणी.

स्वतःच्या शेतात शिळा बसवता येते, पण वाटणी आणि विक्रीचा विचार करावा. बांधीच्या मधोमध उभारलेली समाधी पुढे दुसऱ्याच्या सात-बारावर जाते. धुऱ्याच्या कडेला, वाटेजवळ जागा घ्यावी. चौक, रस्त्याची कड, शाळेचे मैदान अशा सार्वजनिक जागी मात्र काहीही उभारू नये. सार्वजनिक जागांवर नवी धार्मिक बांधकामे होऊ देऊ नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे, आणि चैत्याच्या आकाराचे स्मारक त्यात सहज ओढले जाते.

जागा नाकारली जात असेल, तर तो वेगळा विषय होतो. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम ३(१)(झेडए) आले. इतरांच्या बरोबरीने दहन किंवा दफनभूमी वापरण्यास अडवणे हा त्याखाली गुन्हा आहे. समाजाला पूज्य असलेल्या वस्तूची नासधूस किंवा विटंबना कलम ३(१)(टी) खाली येते. कुणाच्या भावना दुखावण्याच्या हेतूने दफनस्थळी घुसून केलेली आगळीक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ मध्ये आहे. समाधी फोडल्याची घटना घडली तर दुरुस्ती करण्याआधी फोटो काढावेत, पंचनामा मागावा आणि तक्रारीची प्रत घ्यावी. रागाच्या भरात रातोरात पुन्हा बांधून टाकले की पुरावा आपल्याच हाताने जातो.

दगड

इथले लोक दगडासाठी अर्जुनी, वडसा किंवा ब्रह्मपुरीला जातात. काळा दगड म्हणून दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात : ग्रॅनाइट आणि कडप्पा. कडप्पा हा चुनखडीचा प्रकार. नवा असताना पॉलिशमुळे तो ग्रॅनाइटसारखा दिसतो. उन्हापावसात काही वर्षांत राखाडी पडतो आणि अक्षरे पुसट होतात. ओळखायची सोपी रीत आहे. दगडाच्या कोपऱ्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पुसावे. कडप्प्यावर निस्तेज डाग राहतो, ग्रॅनाइटला काही होत नाही. कडप्पा घेणे चूक नाही. तो स्वस्त आहे आणि झाडाच्या सावलीत बरा टिकतो. ग्रॅनाइटच्या भावात कडप्पा घेणे चूक. शहाबादी फरशीचे पापुद्रे सुटतात, उभ्या शिळेसाठी ती टाळावी. संगमरवर शोभतो, पण तेल, मेण आणि पावसाने डागाळतो आणि ॲसिडने धुतला तर खरवडतो.

उभ्या शिळेची जाडी किती, हे विचारलेच पाहिजे. दुकानात ओट्याला किंवा भिंतीला लावायची साधारण १८-२० मिलिमीटरची पट्टी असते. तीच उभी केली तर गुराच्या एका धक्क्याने मोडते. उभी करायची तर जाड दगड घ्यावा. पातळच परवडत असेल तर पक्क्या विटांच्या ओट्यावर तिरकी टेकवून बसवावी. पाणी वाहून जाईल एवढा उतार द्यावा. लोखंडी सळई किंवा पट्टी दगडात रुतवू देऊ नये. ती गंजते, फुगते आणि दगड फोडते.

अक्षरे खोल कोरून घ्यावीत. आतला सोनेरी रंग तीन-चार उन्हाळ्यांत उडतो. रंग गेल्यावरही बोटाने वाचता येईल एवढी खोली असावी. फोटोची चिनी मातीची फरशी बसवतात, ती आवडत असेल तर बसवावी. कागदी फोटो काचेत घालून बसवू नये, आत बुरशी धरते. छत्री, खांब, कठडे यांच्यात बहुतेक खर्च जातो आणि दुरुस्तीही त्यांचीच निघते. माझे मत विचाराल तर ते सगळे वगळावे आणि तो पैसा चांगल्या दगडात घालावा.

काय लिहावे

दगडापेक्षा मजकुराला वेळ द्यावा. पहिला प्रश्न नावाआधीच्या शब्दाचा. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ‘स्व.’ म्हणजे स्वर्गवासी. हे दोन्ही आपण टाळतो. ते टाळून पुष्कळ जण ‘दिवंगत’ लिहितात, पण त्याचाही मूळ अर्थ स्वर्गात गेलेला असाच आहे. आपल्या समाजात रूढ असलेला शब्द ‘कालकथित’. पालीत ‘कालकत’ म्हणजे काळ केलेला, मरण पावलेला. त्यावरून मराठीत तो ‘कालकथित’ असा रुळला. रूढ आहे म्हणून लिहायला हरकत नाही. ‘स्मृतिशेष’ हाही निर्दोष शब्द आहे. ‘आयु.’ म्हणजे आयुष्मान हा जिवंत माणसासाठीचा आदर आहे. ‘कालकथित आयु.’ असे एकत्र लिहिलेले पाहिले की कारागिराच्या जुन्या साच्यातून मजकूर आला हे लगेच कळते. ‘महापरिनिर्वाण’ हा शब्द तथागतांसाठी आणि बाबासाहेबांसाठी राहू द्यावा. घरच्या माणसासाठी ‘मृत्यू’ किंवा ‘स्मृतिदिन’ हे सरळ शब्द आहेत.

बुद्धाब्द लिहायचा असेल तर हिशेब सोपा आहे. १९५६ च्या वैशाख पौर्णिमेला २५०० वे वर्ष मानले गेले. म्हणून वैशाख पौर्णिमेनंतरच्या तारखेला इसवी सनात ५४४ मिळवायचे, आधीच्या तारखेला ५४३. मात्र इसवी तारीखही सोबत असू द्यावी, पुढच्या पिढीला कागदपत्रांशी ताळा घालता येतो.

मग माणसाविषयी एक-दोन ओळी. इथे बाबासाहेबांचाच आधार घ्यावा. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. पुढे १९४० मध्ये ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीला अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेत मोठी विशेषणे नाहीत. रमाईंच्या स्वभावाबद्दल आणि हलाखीच्या दिवसांत त्यांनी दिलेल्या सोबतीबद्दल ते लिहितात. आपल्या शिळेवर ‘प्रेमळ, मनमिळाऊ, समाजभूषण’ असे साच्यातले शब्द घालण्यापेक्षा खरी गोष्ट लिहावी. ‘तीस वर्षे दुसऱ्यांच्या बांधीत रोवणी केली, चारही लेकरे शिकवली.’ ‘वस्तीतल्या विहाराच्या पायाचे दगड बैलगाडीने आणले.’ ‘गावात पहिली भीमजयंती काढणाऱ्यांपैकी एक.’ अशी ओळ सुचत नसेल तर घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवावे आणि ‘त्यांचे कोणते काम आठवते?’ एवढे विचारावे. अर्ध्या तासात पंधरा वाक्ये निघतात. त्यातले एक दगडावर जाते, बाकीची वहीत लिहून ठेवावीत. या वहीची किंमत पुढे दगडाहून जास्त होते.

नावांचा प्रश्न नाजूक असतो, म्हणून तो आधीच बोलून घ्यावा. विवाहित मुलींची नावे वगळण्याची पद्धत आपण कुठून घेतली? धम्माने तर ती दिलेली नाही. एक तर मुलगे, मुली, सुना अशी सर्वांची नावे लिहावीत, नाही तर कुणाचेच न लिहिता ‘कुटुंबीय’ एवढेच लिहावे. आईच्या शिळेवर ‘अमुक यांची पत्नी’ ही ओळख पहिली नसावी. तिचे स्वतःचे नाव मोठ्या अक्षरात, आणि तिला लोक ज्या नावाने हाक मारत ते कंसात. तिची जन्मतारीख ठाऊक नसणे हे आपल्या घरांत नेहमीचे आहे. अंदाजाने खोटी तारीख कोरू नये, फक्त मृत्यूची कोरावी.

चिन्हांत धम्मचक्र आणि बोधिपर्ण हे साधे आणि पुरेसे. आठ आऱ्यांचे चक्र असो की चोवीस आऱ्यांचे, दोन्ही चालते. चार सिंहांची राजमुद्रा मात्र खासगी स्मारकावर कोरू नये. ती भारत सरकारची अधिकृत मुद्रा आहे आणि २००५ च्या कायद्याने तिच्या अनधिकृत वापरावर बंदी आहे. कौतुकाने कोरून घेतलेले सिंह नंतर छिन्नीने काढावे लागणे वाईट. बाबासाहेबांचे चित्र शिळेवर असावे का? माझ्या मते जमिनीलगतच्या, पाय लागू शकणाऱ्या दगडावर नसावे.

एक दगड की सामायिक भिंत

स्मशानभूमीची जागा वाढत नाही. प्रत्येक पक्का ओटा कायमची जागा अडवतो आणि उद्या दफनाला जागा उरत नाही. शिवाय ज्याच्याकडे नोकरी त्याचा ग्रॅनाइट आणि मजुरी करणाऱ्याची माती, असा भेद मेल्यावरही चालू राहतो. भाज्याचा स्तूपसमूह डोळ्यांपुढे ठेवून गावाने एक स्मृतिभिंत बांधावी, हा पर्याय मला सर्वांत पटतो. वस्तीच्या विहाराच्या आवारात किंवा स्मशानभूमीच्या प्रवेशाशी एकच भिंत, प्रत्येकाला एक फूट बाय एक फूट अशी सारख्या मापाची पाटी, सारखे अक्षर. खर्च वाटला जातो, दुरुस्ती मंडळाकडे राहते. नियम आधी लिहून बैठकीत मंजूर करावेत : माप काय, मजकूर किती ओळी, पैसे नसलेल्या घराची पाटी कोण करणार. हा शेवटचा नियम सुटला तर भिंतीचाही उपयोग नाही.

केशोरीच्या शेजारी, गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. तिबेटी बौद्ध परंपरेत मृत्यूनंतर ४९ दिवस प्रार्थना चालतात, मंत्र लिहिलेल्या पताका लावल्या जातात. त्या पताका उन्हावाऱ्यात विरून जाव्यात हेच अपेक्षित असते. आपण त्यांचे विधी उचलावेत असे नाही. पण धम्म मानणारे लोक इतक्या जवळ इतक्या वेगळ्या रीतीने आपल्या माणसाची आठवण ठेवतात, हे एकदा जाऊन पाहण्यासारखे आहे.

दगडच हवा असेही नाही. नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नातून नागपूरजवळ चिचोलीला सांभाळल्या गेल्या, आणि आज लोक त्या पाहायला जातात. आपल्या घरातही दीक्षेच्या वेळचे फोटो, जुनी पावतीपुस्तके, समता सैनिक दलाची टोपी, भीमगीतांची हाताने लिहिलेली वही असते. समाधीच्या खर्चाच्या थोड्या भागात त्यांची नीट प्रत काढून विहाराच्या कपाटात ठेवता येते. अभ्यासिकेला पुस्तके, एखाद्या मुलीचे परीक्षा शुल्क, हेही स्मारकच. झाड लावायचे तर शिळेजवळ पिंपळ लावू नये, त्याची मुळे ओटा उचकटतात. बोधिवृक्ष विहाराच्या मोकळ्या आवारात, शिळेजवळ आवळा किंवा मोह लावावा आणि दोन उन्हाळे पाणी कोण घालणार हे आधी ठरवावे.

दुकानात देण्याआधी

मजकूर मोबाईलवरून तोंडी सांगू नये. कागदावर स्वच्छ लिहून घरातल्या दोघांनी आणि बाहेरच्या एकाने वाचावा. ऱ्हस्व-दीर्घ तपासावे, आधार कार्डावरची चुकीची नावे जशीच्या तशी उचलू नयेत. कारागिराने संगणकावर लावलेला नमुना छापून घ्यावा, त्यावर सही करूनच काम सुरू करू द्यावे. दर अक्षरांवर आहे की दगडाच्या फुटावर, वाहतूक आणि बसवणे त्यात धरले आहे का, हे पावतीवर लिहून घ्यावे. सगळी रक्कम आगाऊ देऊ नये.

सुरुवातीला सांगितलेल्या कुटुंबाने पुढच्या वर्षी ओटा दुरुस्त केला. छत्री काढली. मुलीचे नाव कोरायला भाऊ तयार झाले, कारागीरही आला, पण दगडावर जागाच उरली नव्हती. शेवटी खाली वेगळी पट्टी जोडावी लागली. म्हणून नमुना तपासताना शेवटच्या ओळीखाली चार बोटे जागा मोकळी सोडायला सांगावे.